चेअरमन बघायला गेले होते

मुंबईहून परत आल्यापासून कराडात जो भेटेल तो विचारतो, "काय काय बघितलं?" समुद्र बघितला नाही. राणीचा बाग बघितला नाही. पाच दिवस मुलुंडात राहिले आणि मधल्या एका दिवशी गोरेगावला जाऊन एक्क्याण्णव वर्षांचा एक माणूस बघून आले. पोरगी बघायला जातात तसा. चालतो कसा, बोलतो कसा, ऐकू येतं का, दात स्वतःचे आहेत का.

हे असं का, ते आधी सांगते. मी सव्वीस वर्षं घरी शिवणवर्ग चालवला. फीमधून जे उरायचं ते माझ्या थोरल्या भावाच्या, म्हणजे दादाच्या नादानं, देवशीभाईंच्या कंपनीच्या शेअरमध्ये जात गेलं. कंपनीचं नाव मी इथं लिहीत नाही. लिहिलं तर सल्ला दिल्यासारखं होईल, आणि सल्ला देण्याइतकं मला त्यातलं आजही कळत नाही. कंपनी स्वतः काही बनवत नाही. बिस्किटं, फरश्या, सायकलींच्या चेन बनवणाऱ्या दुसऱ्या कंपन्या आहेत, त्या हिच्या मालकीच्या. होल्डिंग कंपनी म्हणतात तिला. मी पहिल्यांदा हे घरी समजावून सांगितलं, तेव्हा आमचे हे म्हणाले, "म्हणजे स्वतः काही करायचं नाही, दुसऱ्यांनी कमावलेल्यावर बसून राहायचं?"

"हो."

"मग आमच्या बाबूकाकांना कशाला नावं ठेवतेस?"

हे कृषी खात्यातून निवृत्त झालेत. त्यांचा विश्वास फक्त मुदत ठेवीवर. गेली सहा-सात वर्षं सकाळच्या चहाबरोबर एकच वाक्य ऐकते आहे: "म्हातारा गेला की दुसऱ्या दिवशी भाव आपटणार. त्याच्या आत विकून टाक." आणि खोटं कशाला बोलू, मनातून मलाही धाकधूक होतीच. देवशीभाईंनीच ती कंपनी उभी केली, तेच तिचे चेअरमन, त्यांच्या नावावर ती चालते, आणि आमच्या दोघांच्या म्हातारपणाचा मोठा हिस्सा त्या परक्या म्हाताऱ्याच्या तब्येतीवर टेकलेला. म्हणून यंदा वार्षिक सभेचं पत्र आलं तेव्हा मी म्हटलं, "मी स्वतः जाऊन बघून येते. ठणठणीत दिसले तर ठेवू. नाहीतर आल्या आल्या विकू."

"शब्द दिलास," हे म्हणाले आणि माझी बॅग स्वतः माळ्यावरून काढून दिली.

मुलुंड, पहिला दिवस

दादाच्या सोसायटीच्या फाटकावर मला वॉचमननं अडवलं. भावाच्या घरी जायला भावाच्या मोबाइलवर परवानगी मागावी लागते, आणि भाऊ आंघोळीला गेलेला असला तर बहिणीनं प्लास्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचं असतं. मी वीस मिनिटं बसले. आमच्याकडं शेजारीण थेट गॅसपाशी येऊन कुकरची शिट्टी मोजते. इथं माझ्या डोळ्यांदेखत पिझ्झा घेऊन आलेला माणूस दोन मिनिटांत आत गेला. मी सख्खी बहीण, माझ्या हातात मेतकुटाचा डबा, मी बाहेर.

शेवटी वहिनीच खाली आली. वहिनी मूळची कुडाळकडची, वाढली भांडुपात. वडील गिरणीत होते. एरवी ती आपल्यासारखंच बोलते, पण राग आला की मालवणीवर जाते. वॉचमनला म्हणाली, "माझ्या नणंदेक भायर बसवतस? उद्या माकाच खंयची म्हणान विचारशील!"

घरात शिरल्यावर समोरच्या भिंतीवर एका बाजूला गणपती, स्वामी आणि आई-अण्णांचा फोटो. दुसऱ्या बाजूला, चांगल्या चौकटीत, कंपनीच्या अहवालातून कापलेला देवशीभाईंचा फोटो.

"हा इथं कशाला?" मी विचारलं.

"ह्येंका हारसुद्धा घालूचो होतो," वहिनी फणकारली. "मी म्हटलंय, जिवंत माणसाक हार घालूक नको, उद्या काय झाला तर तुमचेच शेअर पडतले."

तिचा स्वतःचा विश्वास फक्त सोन्यावर. पण तिनं केलेले घावणे आणि नारळाचा रस खाल्ल्यावर मी या विषयात तिच्याशी वाद घालायचा नाही असं ठरवलं. आमच्याकडं गोड म्हटलं की पुरणपोळी, आणि ती खाल्ली की माणूस आडवा. घावणे सात खाऊनसुद्धा मी चालत बाजारात गेले.

मुलुंड, दुसरा दिवस

सकाळी दादा मला बागेत घेऊन गेला. तिथं एका कोपऱ्यात सात-आठ म्हाताऱ्यांचा कट्टा भरतो. सगळ्यांकडे देवशीभाईंचे शेअर. आपल्याकडं कट्ट्यावर ऊस, पाऊस आणि राजकारण चालतं. इथं एका माणसाची प्रकृती चालते.

"परवा खोकला होता म्हणे," एक जण म्हणाला.

"कोरडा का ओला?" दुसऱ्यानं विचारलं.

"ते नाही कळलं."

"अरे मग निम्मीच बातमी आणलीस ना यार!"

देवशीभाई घाटकोपरला राहतात. कट्ट्यावरच्या एका गृहस्थांची सून त्याच रस्त्यावर राहते. तिला म्हणे देवशीभाईंच्या बिल्डिंगखाली डॉक्टरची गाडी दिसली होती. दोन दिवस या लोकांना अन्न गोड लागलं नाही. एकानं तर भीतीनं थोडे शेअर विकलेसुद्धा. मग कळलं की डॉक्टर दातांचा होता, आणि तो तिथं राहायलाच आला होता.

मी त्यांना म्हटलं, "तुमच्यापैकी कुणी कधी सभेत उभं राहून सरळ विचारलंय का, की तुमच्यानंतर काय?"

एकानं कानाला हात लावला. घरी परतताना दादा मला म्हणाला, "सुमे, उद्या तिथं असलं काही बोलू नकोस हां. ऐंशी टक्के लोक आशीर्वाद घ्यायला येतात."

"आणि वीस टक्के?"

"सामोसे खायला."

गोरेगाव, सभेचा दिवस

हल्ली बऱ्याच कंपन्यांच्या सभा मोबाइलच्या पडद्यावर होतात. देवशीभाईंना मात्र माणसं समोर लागतात. गोरेगाव पूर्वेला, सिनेमांच्या स्टुडिओंच्या जवळ एक मोठा हॉल आहे, तिथं सभा होती. मुलुंडहून रिक्षा केली. दादानं इस्त्रीचा सफारी घातला होता, मी मोतिया रंगाची इरकल नेसले होते. मुंबईत रिक्षा मीटरनं चालते याचं मला कौतुक वाटलं. कराडात रिक्षावाला आधी आपल्याकडं बघतो, मग भाडं ठरवतो. पण मीटरवाल्या रिक्षावाल्यानं आम्हाला चुकीच्या फाटकावर सोडलं, ते आम्हाला फार उशिरा कळलं.

फाटकाच्या आत चांगले कपडे घातलेले तीस-चाळीस ज्येष्ठ नागरिक रांगेत उभे होते. दादा म्हणाला, "बघ, शेअरहोल्डर. नऊ वाजल्यापासून येतात." आम्ही रांगेत लागलो. एका मुलीनं आमची नावं लिहून घेतली, इडली-चटणी आणि चहा दिला. चटणीत खोबरं भरपूर होतं. दादा भारावून गेला. "लहान शेअरहोल्डरला एवढा मान देणारी दुसरी कंपनी दाखव," तो म्हणाला. मग एक बाई आली, माझ्या केसांत गजरा माळून गेली, दादाच्या डोक्यावर फेटा ठेवून गेली. तेव्हा मला पहिल्यांदा शंका आली.

"दादा, सभेला फेटा असतो?"

"यंदा काही विशेष असेल गं."

तेवढ्यात हातात कागद घेतलेला एक घामाघूम माणूस आला, माझ्या इरकलीकडे बघून खूश झाला आणि म्हणाला, "झकास! काका-काकू, तुम्ही नवरीचे मामा-मामी. पुढच्या रांगेत बसा. नवरी पळून गेली असं कळलं की मामींनी छातीवर हात ठेवून मागं पडायचं. पडता येईल ना?"

आम्ही कुठल्याशा मालिकेच्या लग्नात जेवत होतो. मी हात जोडून सगळं सांगितलं. तो माणूस खूप हसला, आणि त्यानंच आम्हाला बाहेर नेऊन रस्ता दाखवला. दादाचा पाय मात्र निघेना. "पाच मिनिटांचंच काम होतं ना," तो दोनदा म्हणाला. फेटा मी त्याच्या डोक्यावरून ओढून काढला. या सगळ्या गोंधळात माझा चष्मा तिथल्या टेबलावर राहिला आणि ते मला कळलं खऱ्या हॉलमध्ये पोचल्यावर. रात्री बसून वळणदार अक्षरात लिहून काढलेला माझा प्रश्न पर्समध्ये होता. त्यातलं एक अक्षर मला आता दिसत नव्हतं.

लांबचं मात्र मला स्वच्छ दिसतं, आणि मी आले होते लांबून बघायलाच. देवशीभाई मंचावर आले तेव्हा आख्खा हॉल उभा राहिला. काठी नव्हती, कुणाचा हात धरलेला नव्हता, आवाज खणखणीत. दादानं मला कोपरानं ढोसलं. "बघ! काय ऐट आहे!"

पण सव्वीस वर्षं मापं घेतलेल्या बाईला माणसाच्या आधी कपडा दिसतो. शर्टाच्या खांद्याची शिवण दंडावर उतरली होती. कॉलर आणि मान यांच्यामध्ये दोन बोटं सहज गेली असती. ते माइककडे वळले तेव्हा पाठमोरी पँट दिसली. मागचे दोन्ही खिसे एकमेकांना जवळजवळ चिकटले होते. पँट मागच्या मधल्या शिवणीत पुन्हा पुन्हा आत घेतली की असं होतं. एकदा घेतली तर खिसे सरकतात. चिकटायला दोन-तीनदा घ्यावी लागते.

"दादा," मी कुजबुजले, "हा माणूस वर्षभरात फार उतरलाय."

मी खिशांचं सांगितलं. दादाचा चेहरा पांढरा पडला. त्यानं आजूबाजूला बघितलं आणि माझ्या कानात म्हणाला, "हळू बोल! ही आतली बातमी आहे. हिच्यावर शेअर विकलेस तर गुन्हा होतो."

"पँटच्या खिशांवरून?"

"कशावरूनही!"

मग शेअरहोल्डरांची भाषणं सुरू झाली. एकानं देवशीभाईंवर शेर म्हटला. दुसऱ्यानं, आपलं आयुष्य त्यांना लागो, अशी प्रार्थना केली. तो स्वतः ऐंशीच्या घरातला होता, त्यामुळं देणगी बेताचीच होती. एका बाईंनी बिस्किटांचा कारखाना बघायला सहल काढा म्हणून सांगितलं. एक गृहस्थ फार गंभीर चेहऱ्यानं उठले. मला वाटलं, आता हे हिशेबाचं विचारणार. ते म्हणाले, "गेल्या वर्षी डब्यात कचोरी होती. यंदा नाही. कारण समजू शकेल काय?"

माझं नाव पुकारलं गेलं तेव्हा दादानं माझा पदर धरला होता. तो सोडवून मी माइकपाशी गेले. कागद उघडला. नुसती मुंग्यांची रांग. कागद मिटला आणि जे तोंडात आलं ते बोलले.

"नमस्कार. मी कराडची. शिवणवर्ग चालवत होते. वर्गाचे पैसे तुमच्याकडे आहेत. मला शेर येत नाही. एवढंच विचारायचंय, तुम्ही एक्क्याण्णव वर्षांचे आहात. तुमच्यानंतर काय?"

हॉलमध्ये एकच गलका झाला. "अशुभ बोलू नका!" "बाई, खाली बसा!" कचोरीवाले गृहस्थ सगळ्यांत जास्त चिडले होते.

देवशीभाईंनी हात वर केला. ते मूळचे कच्छी, पण जन्म इकडचाच. मराठी चांगलं बोलतात. "आवाज नका करू," ते म्हणाले. "बेन माझ्या मरणाचं विचारते, तुमच्या नाही."

लोक हसले आणि बसले. मी उभीच.

"बेन, चार वर्षांपूर्वी माझा खुबा मोडला. तीन महिने घरी. मी ऑफिसात सांगितलं, प्रत्येक गोष्ट मला फोन करून विचारायची. पहिल्या आठवड्यात फोन खाली ठेवायला वेळ नव्हता. दुसऱ्या महिन्यात दिवसाला एखादा. तिसऱ्या महिन्यात मीच उचलून बघायचो, फोन चालू आहे ना? माझ्या पुतणीनं सगळं व्यवस्थित चालवलं होतं." मंचाच्या टोकाला पन्नाशीची एक बाई मान खाली घालून काहीतरी लिहीत होती, तिच्याकडे त्यांनी बोट दाखवलं. "त्या वर्षी धंदा माझ्यापेक्षा चांगला झाला. सगळे खूश. मला इतकं वाईट वाटलं की मी दोन दिवस जेवलो नाही. तेव्हापासून ती चालवते. मी वर्षातून एकदा येतो, तुमच्या शिव्या आणि शेर ऐकायला."

टाळ्या पडल्या. मी आभार मानून वळले, तर ते म्हणाले, "थांबा. आता मी विचारू? तुमचं वय?"

"चौसष्ट."

"तुमचे शेअर. तुमच्यानंतर कोण? नाव दिलंय ना, वारसाचं?"

"दिलंय ना," मी ठसक्यात म्हणाले, आणि मग मला तो फॉर्म आठवला. खातं उघडलं ते मुलुंडात, दादाच्याच ओळखीच्या दलालाकडे. दादाच्या घरी फॉर्म भरायला बसले होते तेव्हा आई समोर शेंगा सोलत होती. नाव कुणाचं घालू, तर तिचंच घातलं. आईला जाऊन अकरा वर्षं झाली.

"कोणाचं?" देवशीभाईंनी विचारलं.

"आईचं," मी म्हणाले. "ती नाही आता."

या वेळी कुणी हसलं नाही. समोरच्या रांगांमध्ये बरीच डोकी खाली गेली. आपापल्या फॉर्मवर कुणाचं नाव आहे ते आठवत असावेत. मी आई गेल्यावर रडले होते, तेरावं घातलं होतं, तिच्या साड्या वाटल्या होत्या. आणि इकडे एका कागदावर मी अकरा वर्षं तिला माझ्यामागं जिवंत ठेवली होती. माइकसमोर उभी असताना ते मला कळलं आणि डोळ्यांत टचकन पाणी आलं. दादाकडे बघितलं, तर तोही रुमाल शोधत होता.

सभेनंतर सामोशांचे डबे वाटत होते. देवशीभाई दाराकडे जाता जाता माझ्यापाशी थांबले. जवळून ते फार लहान दिसत होते. "शिवणवाली बेन ना? मघाशी माझ्या पँटकडे बघत होता तुम्ही. मंचावरून सगळं दिसतं."

मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. "खिसे फार जवळ आलेत," मी म्हणाले.

"बायको घेते आत. ती शहाऐंशीची. नजर गेली, पण सुई सोडत नाही. तिला मी सांगतो, एकदम फिट."

"पुढच्या वेळी बाजूच्या शिवणीतून घ्यायला सांगा. मग खिसे हलणार नाहीत."

त्यांनी मान डोलावली आणि पुतणीला म्हणाले, "हे लिहून घे."

पुन्हा मुलुंड

दुसऱ्या दिवशी आम्ही दलालाच्या ऑफिसात गेलो. तिथं आधीच रांग होती. कालच्या सभेतले तिघं त्यात होते, कचोरीवालेही. त्यांनी माझ्याकडे बघून कसनुसं हसत सांगितलं, "माझ्या फॉर्मवर पहिल्या मंडळींचं नाव होतं. दुसऱ्यांना कळलं असतं तर वाट लागली असती."

फॉर्म हातात घेऊन मी यांना फोन लावला.

"म्हातारा कसा आहे?" हा यांचा पहिला प्रश्न.

"ते घरी आल्यावर सांगते. वारस म्हणून तुमचं नाव घालू ना?"



"माझं कशाला?" हे म्हणाले. आवाज वेगळाच होता. "मी तुझ्याहून सहा वर्षांनी मोठा. मी आधी जाणार. केतकीचं घाल."

"लेकीला हैदराबादेत पगार आहे. तुम्हाला पेन्शन सोडून काय आहे?"

"माझं घातलंस तर मी विकून टाकीन बघ. सगळे. दुसऱ्या दिवशी."

"विका. तेव्हा मी कुठं बघायला असणार आहे?"

"मग घाल," ते म्हणाले आणि फोन ठेवला. दादाचा चष्मा लावून मी नाव घातलं. दादानं रकाने तपासले. काउंटरवरच्या मुलीनं शिक्का मारून एक प्रत मला दिली.

कराड

घरी आल्यावर मी यांना सगळं सांगितलं. काही झाकलं नाही. खिसे सांगितले, पुतणी सांगितली, मोडलेला खुबा सांगितला. यांनी ऐकून घेतलं. मग फॉर्मची प्रत मागितली, चष्मा लावून दोनदा वाचली आणि मुदत ठेवींच्या पावत्या असतात त्या फायलीत नीट लावून ठेवली.

आठवडाभर मी विचार केला. पुतणी कामाची दिसत होती, ते खरं. पण सगळं एकाच टोपलीत ठेवू नये, हे यांचंही काही चूक नव्हतं. एक दिवस सकाळी चहा पिताना मी आपण होऊन म्हटलं, "अहो, निम्मे विकू या का? तुम्ही म्हणता तसे ठेवीत टाकू."

यांनी कप बशीत ठेवला.

"कुणाला विचारून?"

"कुणाला म्हणजे? माझेच आहेत."

"नाव माझं आहे त्यावर."

"अहो, ते मी गेल्यानंतरचं!"

"तेच म्हणतोय मी," हे म्हणाले. "तू गेल्यावर काय ते बघू. तोवर हात लावायचा नाही."